गाय वाटली, पुढे?

प्रिय पोरी,

जिल्हा नियोजनाच्या कामावर रुजू झालीस, फार आनंद वाटला. पत्रात लिहिलंस, ‘काका, उद्दिष्ट वरून ठरून येतं, ते कमी खर्चात, लवकर कसं गाठायचं एवढंच आपण बघायचं.’ ते वाचून रात्री झोप लागली नाही. पंचायत समितीत असताना मीही असंच बोलायचो.

२००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या आपल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज आलं. त्यात जोडधंदा म्हणून अनुदानावर संकरित गाई होत्या. लक्ष्यांक मी मुदतीआधी गाठला, शाबासकीही मिळाली. मग उन्हाळ्यात एका पऱ्हाटीवाल्या, म्हणजे कापूस पिकवणाऱ्या बाईच्या घरी गेलो. गाईच्या अंगावर ओलं गोणपाट. ते भिजवायचं पाणी ती दीड किलोमीटरवरून आणत होती. दूध न्यायला गावात गाडी येत नव्हती. म्हणाली, “सायेब, गाईले ढेप आनू का वावरात बियानं? तुमीच सांगा.” माझ्या रजिस्टरात तिच्या नावापुढे ‘साध्य’ लिहिलेलं होतं.

माझा हिशोब चुकला नव्हता गं. तिला गाय हवी आहे का, हा प्रश्नच माझ्या कामात बसत नव्हता.

आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाच्या १ लाखाच्या मदतीचंही तेच. कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं. पाहुण्याकडून घेतलेले हातउसने त्यात बसत नाहीत. निकष मदतीसाठी होता, पण बैठकीत ‘पात्र किती’ हाच आकडा दुःखाचा आकडा होऊन बसला. नवरा कशानं गेला, हे बाईनं कागदावर सिद्ध करायचं!

लक्ष्यांक नकोतच, असं मी म्हणत नाही. मेळघाटातलं कुपोषित लेकरू वजनकाट्याशिवाय सापडत नाही. पण काटा अंगणवाडीत ठेवून त्याच्या घरची चूलही बघून यावी लागते.

जमलं तर गडचिरोलीत मेंढा-लेखाला जाऊन ये. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगट बसतात, निर्णय सगळ्यांच्या संमतीनं होतो. वेळ लागतो. तुझ्या साहेबांना तो वाया गेलेला वाटेल. तू वाटू देऊ नकोस.

पुढच्या आठवड्यात शेततळ्यांचा प्रस्ताव पाठवणार म्हणतेस. आधी एसटीनं जा, गावात एक रात्र मुक्काम कर. जिच्या वावरात तळं खणायचं, तिला विचार की तेवढी जमीन गेल्यावर तूर कुठे पेरणार. ती काय म्हणाली, ते मला कळव.

तुझा,
काका