बॅले डान्सर व्हायला किती समर्पण लागतं? मुलगी १३ वर्षांची आहे, यूट्यूबवर बघून करते. आता क्लास लावला तर उशीर झालाय का?

'समर्पण' वाचलं आणि आमची आत्या आठवली. दर गणपतीत ऐकवते, "तुझी जिद्द कमी पडली गं, नाहीतर आज लंडनला असतीस." वीस वर्षं ऐकतेय, त्यामुळे आज जरा सविस्तर लिहिते.

मी डोंबिवलीची. नवव्या वर्षापासून आठवड्यातून तीनदा दक्षिण मुंबईत क्लास, जाऊन येऊन तीन तास लोकलमध्ये. पॉइंट शूजच्या (पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहायचे कडक टोकाचे शूज) रिबिनी मी ट्रेनमध्ये बसून शिवल्यात, त्याही दातांच्या फ्लॉसने, कारण साधा दोरा टिकत नाही. या शूजचं टोक लाकडाचं असतं असं लोकांना वाटतं. ते कापड आणि खळीचे थर देऊन कडक केलेलं असतं, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात पापडासारखं सादळतं. एकदा मी जोडी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. "पायातलं तांदळात?" आईने तो सगळा तांदूळ कबुतरांना घातला आणि आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

पंधराव्या वर्षी, डिसेंबरच्या शोआधी, डाव्या पावलात कळ यायला लागली. दुसऱ्या बोटाच्या मागच्या हाडावर नुसतं दाबलं तरी डोळ्यांत पाणी. बाई कडक होत्या आणि माझी जागा घ्यायला दोघी टपलेल्या, म्हणून कुणाला सांगितलंच नाही. शाळेत लंगडायचे, क्लासच्या दारात पोचले की लंगडणं बंद. असे दोन महिने. शो झाला, आत्या पहिल्या रांगेत होती, टाळ्या बिळ्या झाल्या. नंतर जिना उतरताना पाय टेकवेना. एक्स-रेत काही दिसलं नाही (अशी चीर सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही), एमआरआयमध्ये दिसली. स्ट्रेस फ्रॅक्चर. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस दुखतंय?" मी आईकडे बघत म्हणाले, "परवापासून."

तर आत्या, जिद्द कमी नव्हती, भरमसाट होती. 'आज दुखतंय, आज नाही करणार' एवढं बाईंसमोर बोलायची हिंमत नव्हती. ती मुलीत आहे का ते आधी बघा. आणि कंटाळा सहन होतो का? क्लास प्लिएने (गुडघे वाकवणं) सुरू होतो, मग तांद्यू (पाय जमिनीवरून ताणत पुढे नेणं), रोज. नावाजलेल्या कंपनीतली मुख्य डान्सरसुद्धा सकाळी बार (आधाराचा आडवा दांडा) धरून तिथूनच सुरू करते. माझ्या मते 'पॅशन' वगैरे शब्द ज्यांना रोजचे प्लिए करायचे नसतात ते वापरतात.

वयाचं म्हणाल तर उशीर झालाय, पण गाडी सुटलेली नाही. अमेरिकेच्या मिस्टी कोपलँडने १३व्या वर्षी सुरू केलं आणि २०१५ साली ती अमेरिकन बॅले थिएटर या कंपनीची प्रिन्सिपल, म्हणजे मुख्य डान्सर झाली. पण असं एक नाव निघतं म्हणून ते आपल्या घरी लागू होत नाही. आपल्या मुंबईचा अमिरुद्दीन शाह, वेल्डरचा मुलगा, बॅलेशिक्षक येहुदा माओर यांच्याकडे शिकून २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला, तेही लोक सांगतील. मात्र मुलग्यांना पॉइंटवर नाचावं लागत नाही आणि बॅलेत मुलगे कमीच, त्यामुळे मुलींनी त्याच्याशी हिशोब जुळवू नये. शिवाय बॅलेत पाय बाहेरच्या बाजूला वळवून नाचायचं असतं, आणि ते किती वळतील हे बरंचसं खुब्याच्या हाडांवर असतं. ते जन्मतःच मिळतं, समर्पणाने खुबा बदलत नाही. गुडघ्यातून पिळून वळवले तर गुडघे जातात. हे भरतनाट्यमच्या अरमंडीलाही (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं) लागू आहे, म्हणून 'मग भरतनाट्यमच का नाही' म्हणणाऱ्यांनीही जपून.

मी व्यावसायिक डान्सर नाही हे आधीच सांगायला हवं होतं. ठाण्यात बँकेत आहे, रविवारी मऊ शूज घालून क्लासला जाते. हाडांचं डॉक्टरांनाच विचारा. यूट्यूब बघून ऑनलाइन पॉइंट शूज मागवायचा हट्ट करेल, तो मात्र मोडून काढा. आधी निदान दोन-तीन वर्षांचा नियमित क्लास, मग शिक्षकांनी पाय बघून ठरवायचं.

आणि शोला नातेवाईक हवे तेवढे बोलवा, फक्त घरी परतताना कुणी 'लंडन' म्हणालं की विषय बदला.