सांगून सोड

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तू दोन तास बसलास. काकूंनी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो तुझ्यासमोर निवला. सिबिलचं, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीचं, तू चारदा विचारलंस, निफाडच्या शेताचं दोनदा. आणि सगळा वेळ तुझी नजर टेबलावर पालथ्या घातलेल्या त्या पाकिटावर होती. मी ३१ वर्षं एका सहकारी बँकेत काढली, त्यातली बरीचशी वसुलीत. न फोडलेल्या पाकिटाकडे माणूस कसा बघतो ते मला पाठ आहे.

तू कर्जबुडव्या नाहीस वगैरे मी लिहिणार नाही. तुझ्या वडिलांना जो ओळखतो त्याला ते सांगावं लागत नाही. सरळ हिशोबावर येतो, कारण तू गेल्यावर मी तो मांडून पाहिला.

फ्लोरिडात ऑरलँडोला थीम पार्कची दोन तिकिटं फुकट मिळतील म्हणून तुम्ही दोघं नव्वद मिनिटांच्या सादरीकरणाला बसलात आणि पाच तासांनी सही करून उठलात. टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधला वर्षातला एक आठवडा तुमच्या मालकीचा, २४,००० डॉलर. दहा टक्के तिथल्या तिथे काढून दिलेल्या क्रेडिट कार्डावर, उरलेल्या २१,६०० वर १६ टक्के व्याज, दहा वर्षं, महिना ३६२ डॉलर. तू २६ हप्ते भरलेस. म्हणजे ९,४१२ डॉलर. त्यातून मुद्दल फिटलं किती? २,२७६. बाकीचं सगळं व्याज. शिवाय दरवर्षी मेंटेनन्स वेगळा, तो दर साली चढतो, आणि कर्ज फिटलं तरी तो संपत नाही. आता तिकडची नोकरी गेली, तुम्ही नाशिकला इंदिरानगरला परत आलात, आणि पगार रुपयात आहे. १९,००० डॉलरच्या वर अजून बाकी, आजच्या भावाने सतरा लाखांच्या आसपास. विकायला जाशील तर ज्या वस्तूसाठी हे सगळं, तिला बाजारात गिऱ्हाईक नाही. लोक एका डॉलरला जाहिरात देतात तरी कुणी घेत नाही, कारण घेणाऱ्याच्या गळ्यात मेंटेनन्स पडतो.

तेव्हा सोड. मला यात शंका नाही. फ्लोरिडात असा करार दहा दिवसांत लेखी कळवून रद्द करता येतो, युरोपात चौदा. ते दिवस गेले तेव्हा तुम्ही समुद्रावरचे फोटो टाकत होतात. त्यावर आता रडू नये.

पण सोडायचं तर सांगून सोड. लेखी सोड. हप्ता गुपचूप बंद करायचा, तिकडचा नंबर बंद करायचा, ईमेल उघडायचा नाही, हा जो तुझा बेत आहे (तू बोलला नाहीस, पण मला दिसला) त्याला माझा विरोध आहे. त्यासाठीच हे पत्र.

आधी तुझी भीती. तुला वाटतं सिबिलचं पूर्ण नाव ट्रान्सयुनियन सिबिल, आणि तिकडचा रिपोर्ट बनवणाऱ्यांतही ट्रान्सयुनियन, म्हणजे एकाच घरात दोन खोल्या, मधलं दार उघडं. तसं नाही. इथल्या चारही संस्था, म्हणजे सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, २००५ च्या कायद्याखाली चालतात आणि इथल्या बँका नि वित्तसंस्था जे कळवतात ते नोंदवतात. ऑरलँडोच्या रिसॉर्टने तुझ्या नावाने तिकडे काय लिहिलं ते इथे आपोआप येत नाही. तिकडचा स्कोअर ३०० ते ८५० मध्ये मोजतात, इथला ३०० ते ९०० मध्ये, आणि ही दोन खाती एकमेकांना ओळखत नाहीत. खात्री हवी तर दरसाल एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, चौघांकडूनही. काढून बघ.

मग इथे सिबिल कशाने बिघडेल? तू इथल्या बँकेतून पर्सनल लोन काढून तिथले आठ हप्ते भरलेस त्याने! हे तू निघता निघता, चपला घालताना सांगितलंस. अरे, मी तिथेच तुला परत बसवणार होतो. एक खड्डा बुजवायला दुसरा खणायचा, आणि तोही स्वतःच्या अंगणात. ते पर्सनल लोन आता तुझं पहिलं काम. त्याचा हप्ता एक दिवस चुकायला नको. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटसाठी बँक बघेल ती याच्याकडे. आणि त्या अर्जात सगळी देणी लिहा असा रकाना असतो. तिथे अमेरिकेचं कर्ज लिही. लपवलंस तर रिसॉर्टने जे तुझं केलं नाही ते तू स्वतःच करशील.

अमेरिकेत मात्र डाग पडेल. तीस दिवस उलटले की उशिराची नोंद, चार-सहा महिन्यांत कर्ज बुडीत खात्यात, मग ते कुणा वसुली कंपनीला विकतील किंवा सोपवतील. पहिला हप्ता चुकला तिथपासून सात वर्षं ती नोंद राहते. कर्ज कितीही हात बदलो, ही सात वर्षं पुन्हा सुरू होत नाहीत. पण दोघांची सही आहे, म्हणून डागही दोघांना. तुझी बायको पुढच्या वर्षी परत जायचं म्हणते. घर भाड्याने घेताना, गाडी घेताना हे तिच्या पुढ्यात येईल. तिला हे सांगितलंस का? परवा ती आली नव्हती. मला ते खटकलं.

शेताचं. वडिलांनी कुठे सही केलेली नाही, त्यांच्या सातबाऱ्यावर फ्लोरिडाची कंपनी बोजा चढवू शकत नाही. अमेरिकेतल्या कोर्टाचा निकाल इथे थेट बजावता येत नाही, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ अ खाली ज्या देशांना आपण मान्यता दिली आहे त्यांत अमेरिका नाही. त्यांना इथे येऊन नव्याने दावा लावावा लागेल. सतरा लाखांसाठी तो खर्च कितपत परवडेल ते तूच बघ. अशक्य म्हणत नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर तुझ्या हिश्श्याचं एकदा वकिलाला विचारून ठेव. पण तुझा तो दुबईचा मित्र, 'मी असंच सोडून आलो, काही होत नाही' म्हणणारा, त्याच्या जिवावर उडी मारू नकोस. संयुक्त अरब अमिरातीचा त्या यादीत जानेवारी २०२० मध्येच समावेश झाला. तिकडचा निकाल आपल्या जिल्हा न्यायालयात, सीबीएस बसस्थानकाजवळ, जसाच्या तसा येऊ शकतो. त्याचं कर्ज आणि तुझं कर्ज एकच नव्हे.

आता माझं ऐक. हे मी तुझ्या वडिलांनाही कधी सांगितलं नाही.

१९९८ साली मी एकाला जामीन राहिलो. ऑफिसातल्या सहकाऱ्याचा मेहुणा, एका पतसंस्थेतून टेम्पो घेत होता. सहा महिन्यांत मेहुणा गायब. मला नोटीस आली. मी, स्वतः वसुलीत काम करणारा, दुसऱ्यांच्या दारात नोटिसा चिकटवणारा माणूस, पोस्टमनला म्हणालो, 'घरी नाही म्हणून लिही.' तो भला होता, त्याने लिहिलं. दुसऱ्यांदा त्याने 'घेण्यास नकार' लिहिलं, बहुतेक त्याला माझी लाज वाटली असावी. नकार म्हणजे कायद्याने पोचल्यासारखंच, हे मला माहीत होतं की! तरी घेतली नाही. ६४,००० चे व्याजासकट १,१२,००० झाले, पगारातून चौदा महिने कापले गेले. तो टेम्पो त्या सगळ्या काळात अंबडला एका शेडखाली उभा होता. पहिल्या पत्राला मी चार ओळींचं उत्तर दिलं असतं, 'टेम्पो अमुक ठिकाणी आहे, ओढून न्या, विका,' तर माझ्या वाट्याला पाच-दहा हजारांवर काही आलं नसतं. पैशांचं जाऊ दे. काकूंना हे माझ्याकडून नाही, पगाराच्या चिठ्ठीवरून कळलं. त्या महिन्यात त्या माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलत होत्या.

म्हणून सांगतो, पाकीट घे. फोड. उत्तर दे. हप्ता देऊ नकोस, पण उत्तर दे.

२०१४ ची गारपीट तुला आठवत असेल, तू तेव्हा शाळेत. निफाड तालुक्यातल्या एकाच गावचे दोघे द्राक्षवाले आमच्या शाखेचे थकबाकीदार होते. एक जण फुटलेले घड पिशवीत भरून शाखेत आला, माझ्या टेबलावर पिशवी उपडी केली आणि म्हणाला, 'साहेब, हे बघा माझं पीक, यंदा एक रुपया देता येणार नाही.' त्याच्या कर्जाचं पुनर्गठन झालं. दुसरा आलाच नाही. फोन बंद. त्याच्यावर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला आणि ट्रॅक्टर ओढून आणावा लागला, जप्तीच्या कागदावर सही माझी. कायदा मी केला नव्हता. फाईल माझ्या टेबलावर होती आणि मुदती संपत होत्या. पुढे तो पिंपळगावच्या बाजार समितीत भेटला, नमस्कार केला, पुढे गेला. मग कुणीतरी सांगितलं, त्या दोन महिन्यांत त्याची बायको सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होती. मी त्याच्या घरी माणूस पाठवला होता तो नोटीस घेऊन. विचारायला कुणाला पाठवलं नव्हतं.

काकू म्हणतात, यात तुम्हीही चुकलात. असेन. पण तो एक दिवस येऊन सांगता तर माझ्या हातात काहीतरी असतं. गप्प बसलेल्या माणसासाठी समोरच्याला काही करता येत नाही, त्याला करायची इच्छा असली तरी. हे मी काकूंना बारा वर्षं सांगतोय, त्यांना अजून पटलेलं नाही. तुला तरी पटू दे.

तर पत्र दोन. एक कर्ज देणाऱ्याला, दुसरं रिसॉर्टच्या मालकसंघाला, कारण मेंटेनन्सचं देणं वेगळं आणि मागणारा वेगळा. दोघांची सही. मजकूर साधा ठेव: नोकरी गेली, आम्ही भारतात परतलो, अमुक तारखेनंतर हप्ता भरू शकत नाही, आठवडा आणि त्याचं मालकीचं खत तुम्ही परत घ्या, यापुढे फोन नको, पत्र आणि ईमेल चालेल. खाली नाशिकचा पत्ता. होय, खरा पत्ता! तिथेच तुझा हात अडखळेल. ते बहुधा पहिल्यांदा नाही म्हणतील, कर्ज फिटल्याशिवाय आम्ही परत घेत नाही म्हणतील. तू दुसऱ्यांदा लिही. कुरिअरच्या पावत्या एका फाईलमध्ये लाव. तिथल्या बँकेतून आपोआप हप्ता जातोय तो थांबवायचं हप्त्याच्या तारखेआधी निदान तीन कामाचे दिवस त्या बँकेलाही लेखी कळव, नाहीतर तू इकडे पत्र लिहितोयस आणि तिकडे खातं पैसे देतंय असं व्हायचं. वसुली कंपनीचं पहिलं पत्र आलं की तीस दिवसांच्या आत तिला हिशोब माग, लेखी. दया येऊन शंभर डॉलर पाठवू नकोस. काही राज्यांत तेवढ्याने दाव्याची मुदत नव्याने सुरू होते. त्यांनी कर्ज माफ केलं तर १०९९-सी नावाचा कागद निघतो आणि माफ झालेली रक्कम तिकडच्या आयकरात उत्पन्न म्हणून मोजली जाऊ शकते. बायको परत जाणार असेल तर तो कागद तिच्या सीएला दाखवायला हवा. आणि ते क्रेडिट कार्ड वेगळं आहे हे विसरू नकोस, ते बँकेचं आहे. त्यावर उरलंय तेवढं शक्यतो फेडून टाक.

तुला फोन आला होता ना, '४,००० डॉलर भरा, आम्ही तुम्हाला यातून सोडवतो'? आधी पैसे मागणाऱ्याला एक छदाम देऊ नकोस. अडकलेल्यांच्या याद्या हातोहात फिरतात, मेक्सिकोत तर ड्रग्जच्या टोळ्या या धंद्यात उतरल्या आणि अमेरिकेच्या अर्थखात्याला त्यांच्यावर निर्बंध घालावे लागले. तुझं पत्र तूच लिहायचं. मी मराठीत सांगतो, तू इंग्रजीत उतरव, माझं इंग्रजी बँकेच्या ठरावापुरतं.

तू म्हणशील काकांना काय जातंय, सात वर्षांचा डाग आमच्यावर. खरं आहे. मला ६८ वर्षं झाली, माझा स्कोअर आता कोण बघतंय.

रविवारी सकाळी ये, दोघंही या. मिसळ मी आणतो. ते पाकीट तू इथेच विसरून गेलास. की मुद्दाम ठेवलंस, मला ठाऊक नाही. काकू म्हणत होत्या फोडून बघा. मी फोडलेलं नाही, त्यावर नाव तुझं आहे. पेपरखाली आहे, पालथं होतं ते सरळ करून ठेवलंय.

तुझा,
काका