भाषेची अट दुसऱ्या वर्षावर ढकलण्याआधी

राजनय आणि आंतरराष्ट्रीय संबंध या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असून परकीय भाषेची अट दुसऱ्या वर्षी पूर्ण केली तरी चालेल, असे विद्यार्थी कार्यालयाने फोनवर सांगितल्याचे तुम्ही लिहिले आहे. ते वाचून मी दचकलेच, कारण हेच आश्वासन मलाही मिळाले होते आणि तेही फोनवरच.

विषयांची निवड, प्रबंध वगैरे तुम्ही पाहालच. मला सांगायचे आहे ते एवढेच की, भाषेचे वर्ग आणि भाषेची प्रावीण्य परीक्षा या बहुधा दोन स्वतंत्र गोष्टी असतात. वर्गात उत्तम गुण मिळाले म्हणजे अट पूर्ण झाली, असे मी धरून चालले आणि कार्यालयाने ती समजूत पक्की केली. शेवटच्या सत्रातील तोंडी परीक्षेत आर्थिक निर्बंधांवरील एक फ्रेंच लेख पुढे आला. प्रवासात अडणार नाही एवढे फ्रेंच मला येत होते. निर्बंध उठवणे आणि ते स्थगित करणे यांतील फरक त्या भाषेत मांडता येत नव्हता. मी अनुत्तीर्ण झाले, पुढची परीक्षा सहा महिन्यांनी होती, पदवी अडकली आणि पदवीच्या अटीवर मिळालेली नोकरीही गेली. कार्यालयाने ‘नियमपुस्तिकेत लिहिले आहे’ एवढेच उत्तर दिले. ते खरोखरच लिहिलेले होते, हे अधिक जिव्हारी लागले. करारातील स्वल्पविरामावर तासभर चर्चा करणाऱ्या आम्ही, स्वतःला लागू असलेला नियम मात्र वाचला नव्हता!

तेव्हा परीक्षेची पातळी, तारखा आणि पुनर्परीक्षेची सोय ही तिन्ही उत्तरे आजच ईमेलने मागवा. मातृभाषेवर सूट मिळते का, हेही विचारा. काही संस्था ती देतात. प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे असतात आणि माझा अनुभव एका संस्थेपुरताच आहे, हे लक्षात घ्यावे.

छाप पडावी म्हणून अरबी किंवा चिनी शून्यापासून सुरू करणे मला पटत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांसाठी या भाषांना सुमारे २२०० तास धरते. इतर विषय सांभाळून तेवढा वेळ कोणाकडे असतो? अर्धवट येणारी भाषाच परीक्षेपर्यंत न्यावी. ती फ्रेंच असेल तर उत्तमच, कारण संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी सचिवालयाचे कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच भाषांत चालते.

सरावासाठी राजनयिक संबंधांविषयीचा १९६१चा व्हिएन्ना करार घ्या. त्याची अवघी ५३ कलमे आहेत आणि इंग्रजी व फ्रेंच दोन्ही संहिता सारख्याच प्रमाण मानल्या जातात, त्यामुळे त्या शेजारी ठेवून वाचता येतात. दूतावासाच्या वास्तूच्या अभंगतेविषयीचे, म्हणजे यजमान देशाच्या अधिकाऱ्यांना परवानगीशिवाय तिथे शिरता येत नाही हे सांगणारे, २२वे कलम मी दुसऱ्या परीक्षेआधी असेच वाचले होते.