दोरही धर, पदवीही सोडू नकोस

प्रश्न : मी 19 वर्षांची आहे. शिवाजी पेठेत राहते आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र शिकते. लहानपणापासून दोरीचा मल्लखांब करते. उन्हाळ्याच्या सुट्टीत अंदमानला मामाकडे गेले होते, तेव्हा फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे टाकीशिवाय श्वास रोखून खोल बुडी मारण्याचा, पहिला कोर्स केला. दोर ओढत खाली जाताना 14 मीटरला दंड भरून येतात, दम संपतो आणि उजवा कान दुखतो. शिक्षक म्हणाले, ताकद कमी लाव. ताकद कमी लावली तर खाली जाणार कशी? त्यांनी व्हिडिओ दाखवला, त्यात माझे पायसुद्धा दोर शोधत होते. आता कॉलेज सोडून तिकडेच राहावं आणि इन्स्ट्रक्टर व्हावं असं वाटतं. बाबा विचारतात, जलतरणपटू वीरधवल खाडेला जशी खेळातून नोकरी मिळाली तशी यात मिळणार का? इथे कोल्हापुरात सराव कुठे करू?

उत्तर : आधी दोराचं बोलू, कारण नोकरीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. इन्स्ट्रक्टरचा बहुतेक दिवस बॉयखाली, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फुग्याखाली, सोडलेल्या दोराजवळच जातो. नवख्या माणसाला पहिल्यांदा खोलात न्यायचं ते बहुधा याच पद्धतीने, म्हणजे फ्री इमर्शनने. पायांतले फिन मारायचे नाहीत, फक्त हातांनी दोर धरून, डोकं खाली ठेवून उतरायचं आणि दोर धरूनच चढायचं. कानाला दडा बसला तर जिथे आहोत तिथेच थांबता येतं, म्हणून सुरुवात याने करतात. दिवसभरात कितीतरी वेळा शिक्षकाला स्वतः उतरून दाखवावं लागतं आणि वर शिकणाऱ्यावर नजर ठेवायला दम शिल्लक ठेवावा लागतो. तेव्हा 14 मीटरला दंड भरून येणं ही तुझ्या आवडीच्या कामातली पहिलीच अडचण आहे. ती सुटण्यासारखी आहे.

व्हिडिओतले तुझे पाय दोर शोधत होते हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण चूक कुठे आहे ते तिथेच कळतं. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये दोर धरून तू अंगाचं सगळं वजन पेलतेस. पकड सुटली की पडलीस. पाण्यात पडायचं नसतंच. तिथे वजन पेलायचं नाही, फक्त पाण्याचा विरोध कापायचा आहे, आणि तो विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केलास तर पाणी चौपट अडवतं. म्हणून झटक्याने मारलेल्या चार खेचांपेक्षा लांब आणि संथ अशा दोन खेचा कितीतरी स्वस्त पडतात.

ताकद लागते, पण सगळीकडे सारखी नाही. वेटसूट, म्हणजे ऊब देणारा रबरी पोशाख, घालून वरून निघतेस तेव्हा अंग तरंगत असतं, त्यामुळे पहिल्या काही मीटरला खरी ओढ लावावी लागते. 10 मीटरला दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, फुप्फुसातली हवा निम्मी होते आणि सूटही दबतो. शिशाचं वजन साधारणपणे असं बांधतात की 10 मीटरच्या आसपास किंवा त्याखाली अंग ना वर जातं ना खाली. त्यापुढे पाणीच तुला खाली न्यायला लागतं आणि आणखी खोल गेलं की दोर ओढावाच लागत नाही, हात नुसता दोराभोवती सैल ठेवायचा. तू मात्र 12 मीटरलाही पहिल्या मीटरइतक्याच जोराने ओढत असणार. शिक्षक 'ताकद कमी लाव' म्हणाले त्याचा अर्थ हा.

आता एक खेच नीट बघू. दोर चेहऱ्यासमोर, अंगाच्या अगदी जवळ. पुढचा हात डोक्यापलीकडे लांब, कोपर सरळ पण ताठ नाही. दोराला आकड्यासारखी बोटं अडकव, मूठ आवळू नकोस. मूठ आवळली की मनगटापासून खांद्यापर्यंतचे स्नायू विनाकारण कामाला लागतात आणि तुझ्याजवळचा प्राणवायू खातात. हात दोराला लागून मांडीपर्यंत आण, मग सोड आणि घसरत जा. वेग मंदावू दे, पण अंग थांबू देऊ नकोस. थांबलेलं अंग पुन्हा चालू करायला जास्त जोर लागतो. कान मोकळा करायला नाक चिमटावं लागतं, म्हणून दुसरा हात नाकावर असतो, तेव्हा त्याच एका हाताने पुन्हा पुढची पकड घ्यायची. प्रत्येक खेचेला कान मोकळा करायचा, दुखायची वाट बघायची नाही. पहिल्या 10 मीटरांत हवा सर्वांत झपाट्याने दबते, म्हणून तिथे कान सर्वांत जास्त वेळा मोकळे करावे लागतात.

मान हा तुझ्या कानाचा दुसरा प्रश्न असू शकतो. किती खोल आलो हे बघायला आपण मान मागे टाकतो, त्याने गळा ताणतो, कान मोकळे होणं अवघड जातं आणि पाठीची कमान होऊन अंग दोरापासून लांब सरकतं. डोळ्यांसमोर दोर दिसला पाहिजे, तळ नाही. पाय जुळवून सैल सोड. पायाचा अंगठा फाकलेला जाणवला तर समज की मांडी, पोट, सगळंच आवळलेलं आहे.

परत येताना हे सगळं उलटं होतं. तळाशी तू सर्वांत जड असतेस, म्हणून वळल्यावरच्या दोन-तीन खेचा लांब आणि भक्कम हव्यात. नंतर त्या कमी करत ये आणि शेवटच्या काही मीटरला पाण्याला तुला वर आणू दे. वर आल्यावर बॉय धर आणि आधी श्वास आत घे. तो क्षणभर धरून थोडासाच सोड आणि परत आत घे. सगळा श्वास एकदम फुस्सकन सोडू नकोस. बेशुद्धी बहुतेक वेळा शेवटच्या 10 मीटरांत किंवा वर आल्यानंतर येते, म्हणून जोडीदार वर आलेल्या माणसावर पुढचं अर्धं मिनिट नजर ठेवतो. दोरावर काटकसर कुठवर नेता येते याचा अंदाज हवा असेल तर न्यूझीलंडचा विल्यम ट्रूब्रिज आहे. 2011 साली बहामातल्या डीन्स ब्लू होलमध्ये तो याच पद्धतीने 121 मीटरपर्यंत जाऊन परत आला.

आता कोल्हापूर. रंकाळा, कळंबा, इराणी खण, गावाकडची विहीर, पंचगंगा, यांपैकी कुठेही श्वास रोखून बुडी मारायची नाही. मैत्रीण काठावर बसली आहे म्हणूनही नाही. तिला बेशुद्ध माणूस पाण्यातून कसा काढायचा हे शिकवलेलं नाही. ही गोष्ट माझ्याकडून विनंती म्हणून घेऊ नकोस, अट म्हणून घे. मात्र श्वास न रोखता करण्यासारखं पुष्कळ आहे. तुमच्या जलतरण तलावाच्या प्रशिक्षकांची परवानगी घेऊन 25 मीटरच्या लेनमध्ये पाण्याच्या पातळीला आडवा दोर बांधून घे. स्नॉर्केलने, म्हणजे तोंडात धरायच्या नळीने, श्वास चालू ठेवून त्या दोरावरून स्वतःला ओढत ने. एका फेरीत किती खेचा लागल्या ते मोज आणि वेळ तेवढाच ठेवून खेचा कमी करत आण. बोटं उघडी, मान सरळ, पाय मोकळे हे सगळं इथेच बसतं. नाक चिमटून जिभेच्या जोराने कान मोकळा करण्याचा, म्हणजे फ्रेन्झेलचा, सराव तर घरी, आरशासमोर, जमिनीवरच होतो. मल्लखांबामुळे तुझे खांदे डोक्यावर सहज जातात, ही मोठी मिळकत आहे. बाकीच्यांना तेवढ्यासाठी महिने घालवावे लागतात.

बाबांच्या प्रश्नाला सरळ उत्तर : नाही, तशी नोकरी यातून मिळणार नाही. वीरधवल 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला पोहला, 2010 च्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळवलं आणि पुढे तहसीलदार झाला. जलतरण हा मान्यताप्राप्त खेळ आहे. फ्रीडायव्हिंग ऑलिंपिकमध्येही नाही आणि आशियाई स्पर्धांमध्येही नाही. राज्याच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण ते मान्य खेळांच्या प्रमाणपत्रांवर मिळतं. बाबांना आणखी एक सांग : तुझ्या हातात जो मल्लखांब आहे तो खेलो इंडियात आणि 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत होता. आरक्षणाच्या दृष्टीने तुझी मल्लखांबाची प्रमाणपत्रं डायव्हिंगच्या कोर्सला मिळणाऱ्या कुठल्याही कार्डापेक्षा वजनदार आहेत. तो सराव सोडू नकोस आणि कागद नीट फायलीत लाव.

इन्स्ट्रक्टरचं काम मात्र खरं आहे आणि त्यावर लोक पोट भरतात. ते हंगामी असतं. आपल्या कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, अंदमानलाही त्या महिन्यांत गिऱ्हाईक आटतं. त्या काळात हाताशी दुसरं काही हवं. म्हणून कॉलेज सोडू नकोस असं मी ठामपणे सांगते. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन समुद्री जीवशास्त्रात एम.एस्सी. करता येईल. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून घोषित आहे, गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. अशा ठिकाणच्या पाण्याखालच्या सर्वेक्षणात प्रामुख्याने स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन केलेलं डायव्हिंग, लागतं, फ्रीडायव्हिंग पूरक ठरतं. स्कूबासाठी तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, प्रशिक्षण संस्था आहे, तुझ्यापासून घाट उतरून चार-पाच तासांवर. पुढच्या दोन वर्षांत सुट्ट्यांमध्ये फ्रीडायव्हिंगची पुढची पातळी आणि स्कूबाचा पहिला कोर्स, दोन्ही कर. पदवी हातात आली की एक पूर्ण हंगाम एखाद्या केंद्रात मदतनीस म्हणून राहा. इन्स्ट्रक्टरच्या कोर्सचे मोठे पैसे त्यानंतरच भर. सलग महिनाभर दुसऱ्यांच्या कानांची, भीतीची आणि उलट्यांची काळजी घेऊनही सकाळी पाण्यात जावंसं वाटलं, तर हा व्यवसाय तुझा.

एक काम मात्र याच आठवड्यात कर. उजवा कान प्रत्येक वेळी दुखत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. मी फ्रीडायव्हिंग करते, किती खोल गेले आणि कोणत्या खोलीवर दुखायला लागलं, हे सगळं त्यांना सांग. पुढच्या कोर्सला वैद्यकीय फॉर्म भरावाच लागतो आणि कानाचा त्रास त्यात लपवायचा नाही. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवत असशील, तर उपचाराला वेळ हाताशी राहील अशा बेताने आत्ताच जा, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.