डॉक्टर सकाळी दहाला ‘घरी जा’ म्हणाले, तरी कॅशलेसच्या बिलासाठी चार वाजेपर्यंत का थांबवतात? हॉस्पिटल मुद्दाम करतं का?

मुद्दाम नाही हो. मी पुण्यात एका मध्यम हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला अकरा वर्षं बसतोय. तुमचा बेड रिकामा झाला नाही, तर खाली कॅज्युअल्टीत ताटकळलेल्या पेशंटचे नातेवाईक आम्हालाच धारेवर धरतात.

दहाला डॉक्टर तोंडी सांगतात. डिस्चार्ज समरी, म्हणजे उपचारांचा सारांश, टाइप होऊन सही व्हायला बारा वाजतात. तोवर वॉर्डातून उरलेली औषधं मेडिकलला परत जायची असतात आणि बाहेरून आलेल्या भूलतज्ज्ञांनी फी कळवलेली नसते. मग फाइल टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे शेवटची मंजुरी तीन तासांत यायला हवी. पण आमच्याकडे अडीच तास होत आले की हमखास क्वेरी येते: ‘बीपीचा त्रास किती वर्षांपासून?’ मग पुन्हा डॉक्टरांना शोधा. ते तेव्हा ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये.

खरी भांडणं मात्र उशिरावरून होत नाहीत, खोलीवरून होतात. परवाचे एक काका, बायको ॲडमिट. पॉलिसी तीन लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोज ३,००० रुपये. मुलानं हौसेनं ६,००० ची डिलक्स घेतली, चार दिवस. काकांना वाटलं, फरकाचे १२,००० भरू आणि मोकळे होऊ. पण पॉलिसीत प्रमाणशीर कपातीचं कलम होतं. खोली दुप्पट, म्हणून सर्जनची फी, ओटी, व्हिजिट मिळून जे ९०,००० झाले, त्यातलेही निम्मेच मंजूर. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. एकूण ५७,००० खिशातून. काका म्हणाले, “अहो, तीन लाखांची पॉलिसी आहे ना?” आता काय सांगणार? ॲडमिशनच्या वेळी हेच मी मुलाला सांगितलं होतं, पण आई आत आयसीयूत असताना टक्केवारी कोण ऐकतं! वर हातमोजे वगैरे ‘नॉन-पेएबल’ची, म्हणजे विम्यातून न मिळणाऱ्या वस्तूंची यादी निघाली की, “आम्ही काय हातमोजे खाल्ले?”

रोख भरतो म्हणणाऱ्यांनाही दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आयकराचा नियम आहे. मग चार नातेवाईक चार यूपीआयवरून भरतात आणि लिमिट संपली की उद्याची वाट. बिल बाकी आहे म्हणून पेशंटला अडवता येत नाही, अडवूही नये. तरी सांगतो, बुडवणारे फार थोडे. पुण्यातली माणसं बिलाची ओळन्‌ओळ तपासतील, वाद घालतील, पण भरतील.

आमचे पैसे अडकतात ते तुम्ही घरी गेल्यावर. टीपीएनं मंजूर केलेली रक्कम दहा टक्के टीडीएस कापून येते, तीही अनेक पेशंटची एकत्र, आणि कोणत्या क्लेमचे किती हे आम्ही जुळवत बसायचं. मंजुरीपेक्षा कमी आले तर कारण एका ओळीत: ‘टॅरिफप्रमाणे’, म्हणजे ठरलेल्या दरांप्रमाणे. माझ्या टेबलावर एक फाइल आहे, १,८६० रुपये कमी आलेले. चार मेल केले, दोनदा इम्प्लांटचं (शरीरात बसवलेल्या भागाचं) बिल त्याच्या पाकिटावरच्या स्टिकरसकट पाठवलं. गेल्या आठवड्यात उत्तर आलं: स्टिकर अस्पष्ट, मूळ प्रत कुरियरनं पाठवा.