‘हू’च्या मागे-पुढे कॉमा: वाचकांचे प्रश्न

इंग्रजीतल्या कॉमाबद्दल बरीच पत्रे साठली होती, ती या वेळी एकत्र घेतली आहेत. इंग्रजी वाक्ये देवनागरीत छापली आहेत. कॉमा जिथे दिसतो, तिथेच तो मूळ इंग्रजीतही समजावा.

मुलगी सेमी इंग्रजीत दहावीला आहे. वाचताना जिथे थांबतो तिथे कॉमा, असे आम्हाला शिकवले होते. तिने ‘द स्टुडंट्स हू स्टे इन द होस्टेल, गेट फ्री पासेस’ असे लिहिले, तर बाईंनी कॉमा खोडून अर्धा गुण कापला. असे का? — एक पालक, पंचवटी

बाईंचे बरोबर आहे. हा कॉमा मराठीतून आला आहे. ‘जे विद्यार्थी वसतिगृहात राहतात, त्यांना पास फुकट मिळतो’ या वाक्यात जे-ते अशी जोडी आहे, म्हणून ‘त्यांना’च्या आधी स्वल्पविराम शोभतो. इंग्रजीत त्या ‘ते’ला जागाच नाही. ‘द स्टुडंट्स हू स्टे इन द होस्टेल’ हा सगळा मिळून एकच कर्ता आणि ‘गेट’ हे त्याचे क्रियापद. कर्ता कितीही लांबला, तरी त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये एकटा कॉमा घालत नाहीत. मोठ्याने वाचताना तिथे खुशाल श्वास घ्यावा. जुन्या युरोपात विरामचिन्हे मोठ्याने वाचणाऱ्यांच्या सोयीसाठीच होती, त्यामुळे ‘थांबा तिथे कॉमा’ हा नियम अगदीच हवेतला नाही. पण आजच्या इंग्रजीत कॉमा वाक्याची रचना पाहून देतात.

‘की’चेही तसेच. ‘तो म्हणाला, की...’ ही आपली सवय ‘ही सेड, दॅट...’ होऊन उतरते. ‘सेड’, ‘थिंक’, ‘नो’ यांच्या पाठोपाठ ‘दॅट’ आला, तर मध्ये कॉमा नको.

वर ‘एकटा’ म्हटले ते मुद्दाम, कारण कॉमांची जोडी चालते आणि तिने अर्थ बदलतो. ‘माय ब्रदर, हू वर्क्स इन ओझर, इज कमिंग टुमॉरो’ म्हणजे भाऊ एकच, ओझरचे जाता जाता सांगितले. दोन्ही कॉमे काढले, तर भाऊ अनेक आणि त्यांतला ओझरचा येणार. मुलीला एक युक्ती शिकवा: ‘हू’ किंवा ‘व्हिच’पासूनचा तुकडा बोटाने झाकायचा. उरलेल्या वाक्यात कोणाबद्दल चालले आहे ते नेमके कळत असेल, तर दोन्ही बाजूंनी कॉमा. कळत नसेल, तर एकही नाही. होस्टेलच्या वाक्यात तुकडा झाकला, की पास सगळ्याच विद्यार्थ्यांना मिळू लागतो. म्हणून तिथे कॉमा शून्य. विशेषनामाला जवळजवळ नेहमी जोडी लागते: ‘नाशिक, व्हिच स्टँड्स ऑन द गोदावरी, इज...’ कारण झाकले तरी नाशिक ते नाशिकच. तुकडा वाक्याच्या शेवटी आला, तर दुसऱ्या कॉमाचे काम पूर्णविराम करतो.

ऑफिसच्या मेलमध्ये ‘द मशीन इज रिपेअर्ड, प्लीज स्टार्ट द लाइन’ असे लिहितो. साहेब म्हणतात चूक आहे, पण काय ते सांगत नाहीत. — सातपूर एमआयडीसी

दोन स्वतंत्र वाक्ये नुसत्या कॉमाने जोडली आहेत. मराठीत ‘मशीन दुरुस्त झाले, लाइन सुरू करा’ हे बिनदिक्कत चालते. इंग्रजीत या चुकीला कॉमा स्प्लाइस म्हणतात. कॉमाच्या जागी पूर्णविराम द्या, किंवा अर्धविराम द्या, किंवा कॉमा ठेवून पुढे ‘सो’ घाला. मेलमध्ये पूर्णविराम सर्वांत बरा.

‘सो’सारखे जोडशब्द सातच: अँड, बट, ऑर, सो, येट, फॉर, नॉर. दोन्ही बाजूंना आपापला कर्ता असेल, तर यांच्या आधी कॉमा येतो. ‘आय चेक्ड द ड्रॉइंग अँड सेंट इट’ यात कर्ता एकच, म्हणून कॉमा नाही. फसवतो तो ‘हाउएव्हर’. तो या सातांत नाही. ‘द ऑर्डर वॉज लेट, हाउएव्हर, द कस्टमर ॲक्सेप्टेड इट’ हेही स्प्लाइसच. ‘हाउएव्हर’च्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, नंतर कॉमा. शहाणपण यातच, की सरळ ‘बट’ लिहावे.

‘इफ’, ‘व्हेन’, ‘बिकॉज’ने वाक्य सुरू झाले, तर तो भाग संपतो तिथे कॉमा: ‘व्हेन द पॉवर केम बॅक, वुई रिस्टार्टेड द पंप.’ भाग उलटे केले, की कॉमा जातो.

आम्ही द्राक्षे नेदरलँड्सला पाठवतो. पॅकिंग लिस्टमधल्या आकड्यांत कॉमा कसे द्यावेत? आणि यादीतल्या शेवटच्या ‘अँड’आधी कॉमा द्यायचा का? — दिंडोरी

आकड्यांत खरी जोखीम आहे. नेदरलँड्स, जर्मनी इथे दशांशासाठी कॉमा आणि हजारासाठी टिंब वापरतात. आपला ४.५ किलोचा बॉक्स तिकडे ४,५ होतो. त्यांच्या कोटेशनमधले १.२५० युरो म्हणजे साडेबाराशे, सव्वा नव्हे. आपण १,५०० किलो लिहिले, तर तिकडच्या सवयीने ते दीड किलो वाचता येते. आणि १,५०,००० ही लाखाची मांडणी तर आपल्या उपखंडाबाहेर गोंधळातच टाकते.

म्हणून परदेशी कागदावर चार आकडी संख्या कॉमाशिवाय लिहा: १५०० किलो. त्याहून मोठी असेल, तर तीन-तीन आकड्यांनी मोकळी जागा सोडा: १५० ००० किलो. मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतही हीच शिफारस आहे. त्याहून सोपे म्हणजे १५० टन लिहून मोकळे व्हा. एक्सेलची फाइल सीएसव्हीत पाठवत असाल, तर आकड्यांची कॉमा मांडणी आधी काढा. सीएसव्हीत कॉमा म्हणजे नवा रकाना. अवतरणचिन्हांशिवाय १,५०,००० गेला, की त्याचे तीन रकाने होतात आणि पुढची सगळी ओळ सरकते.

यादीतल्या शेवटच्या ‘अँड’आधीच्या कॉमाला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. तो दिला तरी बरोबर, नाही दिला तरी बरोबर. पण व्यवहाराच्या कागदात द्यावा, असे आमचे मत. ‘कार्टन्स इन व्हाइट, रेड, ग्रीन अँड ब्लॅक’ यात काळे कार्टन वेगळे, की हिरवे-काळे दुरंगी? कॉमा दिला, की चार रंग ठरले. अमेरिकेतल्या मेन राज्यात याच कॉमावरून दूध कंपनीचे ड्रायव्हर कोर्टात गेले. ओव्हरटाइम कोणत्या कामांना नाही, याच्या कायद्यातल्या यादीचा शेवट ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असा होता. ‘ऑर’आधी कॉमा नव्हता. ओव्हरटाइम न देण्याची सवलत फक्त पॅकिंगला आहे, माल पोचवण्याला नाही, असा ड्रायव्हरांचा दावा. अपील न्यायालयाने २०१७ मध्ये वाक्य संदिग्ध ठरवून कौल त्यांच्या बाजूने दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

अर्जात तारीख, पत्ता आणि ‘सर’ यांच्याजवळ कॉमा कुठे? — नाशिकरोड

१५ ऑगस्ट १९४७ असे आपल्या क्रमाने लिहिले, तर तारखेत कॉमा नको. अमेरिकी क्रमाने ‘ऑगस्ट १५, १९४७’ लिहिले, तर हवा. वाक्यात ‘नाशिक, महाराष्ट्र’ आले, तर महाराष्ट्राच्या नंतरही कॉमा द्या. बहुतेक अर्जांत तोच राहून जातो. पाकिटावर शहर आणि पिनकोडमध्ये फक्त जागा सोडा: नाशिक ४२२००१.

‘सर’, ‘मॅडम’ हे संबोधन असेल, तर ते कॉमाने वेगळे करा: ‘थँक यू, मॅडम.’ ही नुसती शिष्टाचाराची बाब नाही. ‘प्लीज इन्फॉर्म, सर’ म्हणजे सर, कृपया कळवा. कॉमा गाळून ‘प्लीज इन्फॉर्म सर’ लिहिले, तर सरांनाच लिहिलेल्या अर्जात ‘सरांना कळवा’ असे होते.