नफा वाढला, तरी शेअर का उतरला?

प्रश्न : २०२४ च्या ऑगस्टमध्ये एन्व्हिडिया या संगणकाच्या चिप बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने विक्री दुपटीहून अधिक वाढल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तिचा शेअर घसरला. कंपनी उत्तम चालत असताना असे का व्हावे? यामागे सट्टेबाजांची हातचलाखी असते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : संशय घेण्याआधी आकडे पाहू. २८ जुलै २०२४ रोजी संपलेल्या तिमाहीत एन्व्हिडियाची विक्री ३० अब्ज डॉलर झाली, म्हणजे वर्षभरापूर्वीपेक्षा १२२ टक्के अधिक. विश्लेषकांचा सरासरी अंदाज २९ अब्जांच्या आतच होता. कंपनीने तोही ओलांडला. तरीही २९ ऑगस्टला शेअर सहा टक्क्यांहून अधिक उतरला, कारण बाजार या निकालाची तुलना गेल्या वर्षाशी नव्हे, तर स्वतःच्या अपेक्षेशी करत होता. आदल्या तिमाहीत विक्रीतील वाढ २६२ टक्के होती. ढोबळ नफ्याचे, म्हणजे विक्रीतून उत्पादनखर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेचे, प्रमाण ७८ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर आले होते, आणि पुढच्या तिमाहीसाठी कंपनीने दिलेला ३२.५ अब्जांचा अंदाज चांगला असला, तरी ज्यांनी त्याहून अधिक गृहीत धरून चढ्या भावाने खरेदी केली होती, त्यांना तो अपुरा वाटला. अशा वेळी शेअर विकले जायला कोणाचा कट लागत नाही.

ही सहा टक्क्यांची घट तशी किरकोळच. या प्रश्नाचे खरे उत्तर मायक्रोसॉफ्टच्या इतिहासात सापडते. १९९९ च्या अखेरीस तिचा शेअर, नंतरचे विभाजन (एका शेअरचे दोन होणे) जमेस धरता, सुमारे ५८ डॉलरला होता. जून २००० मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात तिने प्रति शेअर ८५ सेंट कमावले. म्हणजे गुंतवणूकदार एका वर्षाच्या कमाईच्या जवळजवळ सत्तर पट किंमत मोजत होते. पुढच्या तेरा वर्षांत कंपनीची विक्री सुमारे २३ अब्ज डॉलरवरून ७८ अब्जांवर गेली आणि प्रति शेअर कमाई २.५८ डॉलर झाली. कमाई तिप्पट, पण जून २०१३ अखेर शेअरचा भाव होता साडेचौतीस डॉलर, कारण तोवर बाजार कमाईच्या तेरा-चौदा पटच किंमत द्यायला तयार होता. मधल्या काळात लाभांश मिळाला, हे खरे. तरी १९९९ चा उच्चांक ओलांडायला २०१६ उजाडले.

म्हणजे शेअरच्या भावात दोन गोष्टींचा गुणाकार असतो : कंपनीची कमाई आणि त्या कमाईसाठी लोक मोजायला तयार असलेली पट. पहिलीवर व्यवस्थापनाचा हात चालतो, दुसरीवर फारसा नाही. व्याजदर वाढले की दूरच्या भविष्यातील नफ्याचे आजचे मूल्य घटते आणि ही पट आक्रसते. २०२२ मध्ये अमेरिकेत तंत्रज्ञान कंपन्यांचे शेअर कोसळले, त्यात याचा मोठा वाटा होता.

भाव पडला म्हणून कंपनीच्या तिजोरीतून पैसा जात नाही, कारण रोजचे सौदे भागधारकांचे आपसांत होतात. झळ बसते ती मात्र कर्मचाऱ्यांना, कारण अशा कंपन्या पगाराचा मोठा भाग शेअरच्या रूपात देतात. अमेरिकेत अशा नोकऱ्या करणाऱ्या मराठी अभियंत्यांपैकी ज्यांची बचतही त्याच शेअरमध्ये आहे, त्यांनी मिळालेले शेअर टप्प्याटप्प्याने विकून पैसा अन्यत्र गुंतवावा, असे माझे मत आहे; कंपनी कितीही उत्तम चालत असली तरी.